संगणकाला प्रिंटर ‘दिसतो’ म्हणजे नेमके काय होते?

सत्रान्ताचे दिवस आहेत. गुण भरून झाले आहेत, प्रगतिपत्रके छापायची आहेत, पालकसभा उद्यावर आली आहे. प्रिंटरची वायर संगणकाला जोडलेली आहे, त्याच्यावरचा हिरवा दिवाही लागला आहे, आणि पडद्यावर मात्र शब्द उमटतात – ‘प्रिंटर सापडला नाही’. मग वायर काढून पुन्हा घातली जाते. दोन्ही यंत्रे बंद करून पुन्हा चालू केली जातात. कोणीतरी इंटरनेटवरून एक फाईल उतरवून घेतो, दुसरा कोणी संगणकातली जुनी नोंद पुसून टाकतो. तासाभराने पहिल्यापेक्षा जास्त गोंधळ होतो आणि निष्कर्ष निघतो, ‘लिनक्सवर प्रिंटर चालत नाहीत.’

हा निष्कर्ष शाळेला महागात पडू शकतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप आणि नवा प्रोसेसर शाळांमधल्या कितीतरी संगणकांत नाही. हे संगणक धडधाकट आहेत; त्यांच्यावर लिनक्स घातले तर ते आणखी काही वर्षे सहज काम देतील. केरळमधल्या सरकारी शाळा तर कितीतरी वर्षे लिनक्सवरच शिकवत आहेत. पण कार्यालयातला प्रिंटर दिसला नाही, एवढ्या एका कारणाने चांगला संगणक अडगळीत जातो, किंवा चांगला प्रिंटर भंगारात जाऊन नव्याचे पैसे मोजावे लागतात. म्हणून हा प्रश्न नीट समजून घेणे फायद्याचे आहे. त्यातून आपल्याला विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडेल अशीही बरीच सामग्री मिळते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. या लेखात संगणकाला द्यायच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या टर्मिनल नावाच्या खिडकीत इंग्रजी लहान लिपीत टाइप करायच्या असतात.

एक वाक्य, अनेक अर्थ

‘दिसत नाही’ हा शब्दप्रयोगच फसवा आहे. आठवीतल्या मुलाला आपण बॅटरी, कळ, तार आणि दिवा जोडायला देतो. दिवा लागला नाही तर तो ‘दिवा खराब आहे’ म्हणून मोकळा होतो. आपण त्याला विचारतो, बॅटरी तपासलीस का? तारेचे टोक खरवडलेस का? दुसरा दिवा लावून पाहिलास का? मंडलातला कुठलाही एक दुवा तुटला तरी परिणाम एकच दिसतो, अंधार. त्यामुळे अंधारावरून दोष कुठे आहे ते कळत नाही.

प्रिंटरचेही असेच मंडल आहे. सर्वांत खाली तांब्याची वायर. तिच्यावर यूएसबी या पद्धतीचे विद्युत-संकेत. त्यावर लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात. तो या संकेतांचा अर्थ लावतो. त्याच्यावर छपाईची व्यवस्था पाहणारा ‘कप्स’ नावाचा कार्यक्रम. त्याच्या हाताशी ड्रायव्हर, म्हणजे आपल्या मजकुराचे प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करणारा दुभाषा. आणि सर्वांत वर छपाईची रांग, जिचे नाव आपल्याला ‘छापा’ म्हटल्यावर यादीत दिसते. यांतला कुठलाही दुवा तुटला की आपण एकच वाक्य बोलतो. म्हणून पहिला प्रश्न ‘काय करू?’ हा नाही, ‘दुवा कुठे तुटला?’ हा आहे. आणि त्याचे उत्तर शोधायचा शहाणपणाचा मार्ग म्हणजे मंडलाच्या साधारण मध्यावर जाऊन विचारणे, की इथपर्यंत सारे ठीक आहे का? एका प्रश्नात निम्मा प्रदेश बाद होतो.

वायरीच्या टोकाशी

यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ साली आली. त्याआधी प्रिंटरला छत्तीस पिनांची जाडजूड समांतर केबल लागे. यूएसबी २ च्या वायरीत मात्र चारच तारा असतात. एक पाच व्होल्टची, एक जमिनीची आणि माहिती वाहून नेणाऱ्या दोन, ज्यांना डी-धन आणि डी-ऋण म्हणू.

समोर यंत्र आहे हे संगणकाला कसे समजते? युक्ती अगदी साधी आहे. संगणकाच्या बाजूला या दोन्ही माहितीतारा पंधरा किलो-ओहमच्या रोधातून जमिनीला जोडलेल्या असतात. म्हणजे काहीच जोडलेले नसताना त्यांच्यावर शून्य व्होल्ट असतो. प्रिंटरच्या आत डी-धन ही तार दीड किलो-ओहमच्या रोधातून ३.३ व्होल्टला जोडलेली असते. आपण वायर खोचली की हे दोन रोध एकसर जोडणीत येतात. ओहमच्या नियमाने त्यांच्या मधल्या बिंदूवर ३.३ गुणिले १५ भागिले १६.५, म्हणजे बरोबर ३ व्होल्ट येतात. संगणक दोन व्होल्टच्या वर गेलेल्या तारेला ‘चालू’ समजतो. शून्याचे तीन झाले, म्हणजे कोणीतरी आले. दहावीच्या पुस्तकातले रोधांच्या एकसर जोडणीचे गणित इथे रोज कोट्यवधी वेळा सोडवले जात असते!

यातूनच एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. तो ३.३ व्होल्ट प्रिंटरने स्वतः पुरवायचा आहे. माउस किंवा पेनड्राइव्ह संगणकाच्या विजेवर चालतात. प्रिंटरला स्वतःची वीज लागते. भिंतीवरचे बटण बंद असेल तर वायर कितीही चांगली असली तरी संगणकाच्या लेखी तिथे कोणीच नाही.

यंत्र आल्याचे समजले की संगणक त्याला ‘पुनश्च हरिओम’ करायला लावतो. नव्या यंत्राचा पत्ता सुरुवातीला शून्य असतो. संगणक त्याला १ ते १२७ मधला एक मोकळा क्रमांक देतो आणि ओळखपत्र मागतो. हे ओळखपत्र अठरा बाइटचे असते. त्यात दोन बाइट कंपनीचा क्रमांक आणि दोन बाइट मॉडेलचा क्रमांक असतो. त्यानंतरच्या दुसऱ्या पत्रकात यंत्र कोणत्या वर्गातले आहे ते येते. प्रिंटरांचा वर्ग सातवा. हे सारे एका सेकंदाच्या आत उरकते.

आता आपला मध्यावरचा प्रश्न. टर्मिनल उघडून ‘एल-एस-यू-एस-बी’ ही पाच अक्षरे सलग टाइप करा आणि एंटर दाबा. संगणकाला यूएसबीवर कोणकोण भेटले याची यादी येते. प्रत्येक ओळीत चार-चार अंकांच्या दोन गटांचा एक क्रमांक असतो. हे अंक षोडशमान पद्धतीचे आहेत, त्यामुळे त्यांत ए ते एफ ही अक्षरेही येतात. पहिला गट कंपनीचा. शून्य-तीन-एफ-शून्य म्हणजे एचपी, शून्य-चार-ए-नऊ म्हणजे कॅनन, शून्य-चार-बी-आठ म्हणजे एप्सन, शून्य-चार-एफ-नऊ म्हणजे ब्रदर. क्रमांकापुढे नाव नसले तर घाबरू नये. नावे ही संगणकातल्या एका साठवलेल्या यादीतून येतात आणि नवे मॉडेल त्या यादीत नसू शकते. क्रमांक आला, याचा अर्थ ओळखपरेड पार पडली.

यादी एकदा प्रिंटर जोडून आणि एकदा काढून पाहावी. दोन याद्यांमध्ये एका ओळीचा फरक पडला पाहिजे. फरक पडला नाही, तर दोष वायर, खाच किंवा प्रिंटर यांच्यात आहे, आणि अशा वेळी कुठलेही सॉफ्टवेअर बदलायला जाऊ नये. हे वाक्य मी ठळक करतो, कारण तासन्‌तास वाया जातात ते इथेच. तारेवर तीन व्होल्ट येत नसतील तर जगातला कुठलाही ड्रायव्हर काही करू शकत नाही.

वायरीच्या पातळीवर दोष कसले असतात? यूएसबी २ ची वायर पाच मीटरपेक्षा लांब असू नये. कार्यालयाच्या एका टोकाला संगणक आणि दुसऱ्या टोकाला प्रिंटर ठेवण्यासाठी दोन वायरी एकमेकींना जोडलेल्या मी पुष्कळ ठिकाणी पाहिल्या आहेत. अशी जोडणी थंडीत चालते आणि उन्हाळ्यात रुसते, असेही सांगणारे भेटतात. संगणकाच्या पुढच्या बाजूच्या खाचा आतल्या एका बारीक वायरीने मुख्य फलकाला जोडलेल्या असतात आणि त्या सैल होतात. प्रिंटर शक्यतो मागच्या खाचेत लावावा. मधला हब काढून थेट जोडून पाहावे. आणि तीच वायर दुसऱ्या चालत्या प्रिंटरला लावून पाहावी. एका वेळी एकच घटक बदलायचा, हा प्रयोगशाळेतला नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो.

अर्धवट दोषाची खूणही ओळखता येते. ‘सुडो’ हा शब्द, मग एक मोकळी जागा आणि मग ‘डी-एम-ई-एस-जी’ अशी आज्ञा दिली की कर्नलची रोजनिशी दिसते. प्रिंटर जोडून लगेच ही आज्ञा द्यावी आणि शेवटच्या ओळी वाचाव्यात. तिथे ‘ओळखपत्र वाचता आले नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि तिच्या शेवटी उणे ७१ किंवा उणे ११० हा आकडा असेल, तर समजावे की तारेवर व्होल्ट आले पण संभाषण बिघडले. उणे ७१ म्हणजे आलेला संकेत नियमात बसत नव्हता. उणे ११० म्हणजे उत्तराची वाट पाहून वेळ संपली. दोन्हींचा पहिला संशयित वायर हाच.

वेषांतर केलेले आणि विसरभोळे प्रिंटर

समजा, यादीत ओळ आली. तरीही एक-दोन विचित्र प्रकार उरतात. ते आपल्याकडच्या कार्यालयांत हमखास भेटतात, म्हणून थोडे थांबू.

एचपीच्या पी-११०२ आणि त्याच्या काही भावंडांमध्ये ‘स्मार्ट इन्स्टॉल’ नावाची सोय होती. ग्राहकाला वेगळी सीडी लागू नये म्हणून हा प्रिंटर प्रथम जोडल्यावर आपण सीडी असल्याचे सांगतो. विंडोज ती ‘सीडी’ उघडून त्यातला ड्रायव्हर बसवते आणि मग प्रिंटर आपले खरे रूप धारण करतो. लिनक्सला मात्र समोर सीडी दिसते. मग तिच्यावर छापणार कसे? लिनक्समध्ये अशा वेषधारी यंत्रांना मूळ रूपात आणणारा ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचा छोटा कार्यक्रम मिळतो. एखाद्या विंडोज संगणकावरून प्रिंटरमधली ती सोय कायमची बंद करणे हा आणखी खात्रीचा मार्ग.

दुसरा प्रकार लेसरजेट १०२० चा. याच्या आत स्वतःचा पूर्ण कार्यक्रम कायमचा साठवलेला नसतो. वीज गेली की तो सारे विसरतो. प्रत्येक वेळी चालू केल्यावर संगणकाने त्याला त्याचा कार्यक्रम, म्हणजे फर्मवेअर, पाठवावा लागतो. तो पाठवला गेला नाही तर एल-एस-यू-एस-बीच्या यादीत प्रिंटर व्यवस्थित दिसतो, रांगही दिसते, छपाई पाठवली की ‘पूर्ण झाली’ असेही सांगितले जाते, पण कागद हलत नाही. एचपीच्या यंत्रांसाठी लिनक्सवर ‘एच-पी-लिप’ नावाचा संच असतो आणि या मॉडेलसाठी त्याला एक जास्तीचा पूरक भाग, प्लगइन, लागतो. ‘एचपी-प्लगइन’ या आज्ञेने (दोन शब्दांमध्ये आडवी रेघ) तो इंटरनेटवरून उतरतो. इथे एक मेख आहे. प्लगइनची आवृत्ती आणि मूळ संचाची आवृत्ती जुळावी लागते. त्यामुळे लिनक्सची मोठी सुधारित आवृत्ती बसवल्यावर वर्षभर चाललेला प्रिंटर अचानक मुका होतो. पुन्हा तीच आज्ञा द्यावी, म्हणजे तो बोलू लागतो.

कप्सच्या दारात

आता वरच्या मजल्यावर जाऊ. मायकेल स्वीट या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९९७ साली कप्सवर काम सुरू केले आणि १९९९ मध्ये ते लोकांना मिळाले. पुढे २००२ मध्ये ॲपलने आपल्या संगणकांसाठी ते स्वीकारले आणि २००७ मध्ये त्याचे हक्क विकत घेतले. म्हणजे महागड्या मॅकवर छपाई करणारा आणि शाळेतल्या जुन्या लिनक्स संगणकावर छपाई करणारा कार्यक्रम एकाच घराण्यातला आहे. लिनक्ससाठीचा त्याचा विकास आता ‘ओपनप्रिंटिंग’ हा स्वयंसेवी गट पाहतो.

कप्सला काय दिसते, हे विचारायची आज्ञा अशी – सुडो, मोकळी जागा, ‘एल-पी-इन्फो’, मोकळी जागा, आडवी रेघ आणि तिला चिकटून व्ही. उत्तरात काही ओळी येतात. ‘नेटवर्क आयपीपी’ असे दोनच शब्द असलेल्या ओळी पाहून प्रिंटर सापडला असे समजू नये. त्या ओळींचा अर्थ एवढाच, की या मार्गाने छापण्याची सोय आहे. ज्या ओळीत कंपनीचे आणि मॉडेलचे नाव आले आहे ती खरी.

एल-एस-यू-एस-बीला प्रिंटर दिसतो आणि एल-पी-इन्फोला दिसत नाही, असे झाले तर तुटलेला दुवा या दोहोंच्या मध्ये आहे. आपले शोधक्षेत्र केवढे लहान झाले पाहा. कप्सच बंद पडले असेल तर ‘सुडो सिस्टिम-सी-टी-एल रिस्टार्ट कप्स’ या आज्ञेने ते पुन्हा सुरू होते (‘सिस्टिम’नंतरची तीन अक्षरे त्याला जोडूनच लिहायची). कधी दोष आणखी सूक्ष्म असतो. अलीकडचे बरेच प्रिंटर यूएसबीच्या वायरीवरूनही नेटवर्कची भाषा बोलू शकतात. अशा प्रिंटरचा ताबा ‘आयपीपी-यूएसबी’ नावाचा कार्यक्रम घेतो आणि तो जणू नेटवर्कवर असल्यासारखा संगणकाला दाखवतो. ही दवंडी पिटण्याचे काम ‘अवाही’ नावाची दुसरी सेवा करते. कोणी ‘आपले नेटवर्क नाहीच, मग ही सेवा कशाला?’ म्हणून अवाही बंद केली, तर कित्येकदा वायरीने जोडलेला प्रिंटरही नाहीसा होतो! दवंडी पिटणाराच गेला.

आणखी एक साधे कारण म्हणजे अधिकार. उबुंटू आणि डेबियन या प्रणालींत नवा प्रिंटर जोडण्याचा अधिकार ‘एल-पी-ॲडमिन’ या गटातल्या वापरकर्त्यांना असतो. विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या खात्यातून प्रिंटर जोडायला गेलात तर संगणक नम्रपणे नकार देईल आणि तो नकार आपण ‘सापडत नाही’ असा वाचू.

आमच्या संस्थेजवळच्या एका शाळेतली हकिगत इथे सांगण्याजोगी आहे. तिथे कार्यालयात आणि संगणककक्षात एकाच मॉडेलचे दोन प्रिंटर होते. कार्यालयातला दुरुस्तीला गेला म्हणून संगणककक्षातला आणून त्याच वायरीला, त्याच खाचेत लावला. मॉडेल तेच, कंपनी तीच, तरी छपाई होईना. पडद्यावर इंग्रजीत ‘प्रिंटर उपलब्ध होण्याची वाट पाहत आहे’ असे येत राही. लिपिकांनी दोनदा ड्रायव्हर बदलला होता, दुकानदाराने नवा प्रिंटर सुचवला होता. कारण असे निघाले, की कप्स प्रिंटरचा पत्ता लिहून ठेवताना कंपनी आणि मॉडेलबरोबर त्या नगाचा कारखान्यातला अनुक्रमांकही लिहितो. रांग जुन्या नगाची वाट पाहत होती आणि नवा नग दारात उभा होता. एल-पी-इन्फोने दिलेला पत्ता आणि ‘एल-पी-स्टॅट’, मोकळी जागा, आडवी रेघ व टी या आज्ञेने दाखवलेला रांगेचा पत्ता शेजारी-शेजारी ठेवले, तेव्हा शेवटची काही अक्षरे वेगळी दिसली. नव्या नगासाठी नवी रांग काढली आणि दोन मिनिटांत दाखले छापले गेले. पाहणारे म्हणाले, जादू झाली. जादू कसली, दोन ओळी ताडून पाहिल्या एवढेच.

ही एल-पी-स्टॅट आज्ञा आणखी एका कारणासाठी उपयोगी आहे. एखाद्या वेळी कागद अडकला किंवा वीज गेली, तर काही प्रणाली रांग थांबवून ठेवतात आणि नंतर ती आपोआप सुरू होत नाही. उत्तरात ‘डिसेबल्ड’ हा शब्द दिसला तर ‘कप्स-एनेबल’ (सलग एक शब्द) आणि पुढे रांगेचे नाव, असे लिहावे.

दुभाषा कुठे आहे?

कप्सला प्रिंटर दिसतो, पण ‘योग्य ड्रायव्हर नाही’ असे उत्तर येते. आता प्रश्न भाषेचा आहे. १९८४ साली अडोबी कंपनीने पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा आणली. एचपीची पीसीएल, एप्सनची ईएससी-पी या अशाच इतर भाषा. या भाषा समजणाऱ्या प्रिंटरला आपण ‘इथे अमुक आकाराचे अक्षर काढ’ असे सांगू शकतो. ठिपके मांडण्याचे काम तो करतो.

स्वस्त लेसर प्रिंटरांमधून हा मेंदू काढून टाकलेला असतो. पानावरचा प्रत्येक ठिपका संगणकानेच ठरवून पाठवायचा. हे काम केवढे? ए-४ कागदावर इंचाला ६०० ठिपके धरले तर रुंदीत ४,९६० आणि उंचीत ७,०१६, म्हणजे एकूण सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके. काळा की पांढरा यासाठी प्रत्येकी एक बिट धरला तरी एका पानाला सुमारे ४३.५ लाख बाइट लागतात. हा ढीग दाबून, लहान करून पाठवायची प्रत्येक कंपनीची रीत वेगळी, आणि काही कंपन्यांनी ती गुप्त ठेवलेली. आपल्याकडे घरोघरी दिसणारा कॅननचा एलबीपी-२९०० हा असाच, ‘कॅप्ट’ नावाची खास भाषा बोलणारा प्रिंटर आहे. त्याच्यासाठी कंपनीने दिलेल्या ड्रायव्हरचा काही भाग बंदिस्त आहे आणि तो इंटेल व एएमडी जातीच्या प्रोसेसरांसाठी बनवलेला आहे. म्हणून तो रास्पबेरी पायसारख्या, एआरएम जातीच्या छोट्या संगणकावर चालत नाही. इथे दोष ना लिनक्सचा, ना वायरीचा. दुभाषाच त्या गावचा नाही.

गंमत अशी, की मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची सुरुवातही एका प्रिंटरपाशीच होते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडके. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या कार्यक्रमात, कागद अडकला की वापरणाऱ्यांना निरोप जाईल अशी सुधारणा केली होती. नव्या प्रिंटरसोबत मात्र मूळ कार्यक्रम वाचायला मिळालाच नाही. ज्यांच्याकडे तो होता त्या दुसऱ्या विद्यापीठातल्या संशोधकाने, गुप्ततेचे वचन दिले आहे म्हणून तो द्यायला नकार दिला. स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ हा मुक्त प्रणालीचा प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांत ते ही गोष्ट आवर्जून सांगत आले आहेत. १९९१ मध्ये फिनलंडच्या लायनस टोरवाल्ड्सने लिहिलेला कर्नल याच प्रकल्पाच्या साधनांना येऊन मिळाला. एलबीपी-२९०० शी झगडणाऱ्या शिक्षकाची अडचण आणि स्टॉलमन यांची अडचण यांत माझ्या मते फारसा फरक नाही.

देवनागरीचे काय, असा प्रश्न शिक्षक हमखास विचारतात. छपाईला जाणारे पान लिनक्सवर आधी पीडीएफमध्ये बदलते आणि अक्षरांचे वळण त्यातच बांधलेले असते. त्यामुळे चालणाऱ्या प्रिंटरवर मराठी आणि इंग्रजी सारखेच छापले जाते. पडद्यावर जोडाक्षर नीट दिसत असेल तर कागदावरही ते सहसा नीटच येते.

वायर नसेल तर

वाय-फायच्या प्रिंटरचे मंडल वेगळे. इथे व्होल्टऐवजी हाका मारल्या जातात. संगणक २२४.०.०.२५१ या ठरावीक सामाईक पत्त्यावर ‘इथे कोणी प्रिंटर आहे का?’ असे विचारतो आणि प्रिंटर ‘मी आहे’ म्हणतो. ही हाक एका जाळ्याबाहेर जात नाही. संगणक शाळेच्या वाय-फायवर आणि प्रिंटर ‘पाहुण्यांच्या’ वाय-फायवर असेल तर दोघे एकाच टेबलावर असूनही परके. काही राउटरांमध्ये एका यंत्राला दुसरे दिसू न देण्याची सुरक्षा-सोय असते, तीही पाहावी.

मध्यावरचा प्रश्न इथेही आहे. प्रिंटरच्या पडद्यावरून किंवा त्याचे माहितीपान छापून त्याचा आयपी पत्ता घ्यावा आणि ‘पिंग’ या आज्ञेने त्या पत्त्यावर साद घालावी. प्रतिसाद आला तर रस्ता मोकळा आहे, फक्त हाक पोहोचत नाही. मग हाक मारत बसण्याऐवजी कप्सला पत्ताच द्यावा. आयपीपी, अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा, प्रिंटरचा पत्ता, तिरपी रेघ, आयपीपी, तिरपी रेघ, प्रिंट असे सलग लिहिले की बहुतेक नवे प्रिंटर जोडले जातात. आज जोडलेला प्रिंटर उद्या हरवला तर राउटरने त्याला नवा पत्ता दिला असण्याचा संभव मोठा. राउटरमध्ये तो पत्ता राखून ठेवावा.

सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारितेली या संशोधकाने दाखवून दिले, की नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधून रांगा काढणाऱ्या ‘कप्स-ब्राउझ्ड’ या सेवेला खोट्या प्रिंटरची बातमी देऊन फसवता येते आणि छपाई केली की परक्याची आज्ञा संगणकावर चालवता येते. त्यानंतर दुरुस्त्या आल्या आणि अनेकांनी ही सेवा बंदच करून टाकली. तेव्हापासून एखाद्या संगणकावर आपोआप येणारी रांग दिसेनाशी झाली असेल, तर हेही कारण असू शकते. अशा वेळी सेवा पुन्हा चालू करण्यापेक्षा पत्ता देऊन हाताने रांग काढणे मला जास्त पसंत आहे.

नवा प्रिंटर घ्यायचाच असेल तर दुकानात ‘लिनक्सवर चालतो का?’ असे विचारून उपयोग होत नाही. उत्तर ठरलेले असते. खोक्यावर ‘एअरप्रिंट’ हा शब्द आहे का ते पाहावे. ॲपलने २०१० मध्ये आणलेली ही सोय आणि २०१३ मध्ये ठरवलेले ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ हे मानक, दोन्हींमध्ये प्रिंटर आपली क्षमता स्वतःच सांगतो आणि ठरावीक खुल्या पद्धतीने पान स्वीकारतो. अशा प्रिंटरला लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. आणि जुन्यासाठीच कोणाला मदत विचारायची असेल तर ‘प्रिंटर सापडत नाही’ एवढेच न कळवता एल-एस-यू-एस-बी, एल-पी-इन्फो आणि एल-पी-स्टॅट या तीन आज्ञांची उत्तरे जशीच्या तशी उतरवून पाठवावीत. जाणकाराला पुढचा प्रश्न विचारावाच लागत नाही, असे पुष्कळदा होते.